माळ्यावरचा राउटर खाली काढा!

दोस्तांनो, इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला आणि जुना गेला माळ्यावर. तुमच्याकडेही असाच एखादा धूळ खात पडला असेल ना? (कंपनीला परत द्यायचा नाही ना, हे आधी आईबाबांना विचारा बरं का!)

त्याची पाठ पाहा. सहसा 'वॅन' लिहिलेलं एक पोर्ट असतं आणि शेजारी 'लॅन'ची चार. गंमत म्हणजे, या चौघांच्या मागे आत एक स्विचच दडलेला असतो! स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे हं. हा तर पोस्टमन! प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. कोणत्या पोर्टावर कोण राहतं हे स्विच टिपून ठेवतो आणि ज्याचं पाकीट त्यालाच पोचवतो.

मग काय, वायर खुपसली की झालं? छे! खरी मेख इथंच आहे. घरातल्या यंत्रांना आयपी पत्ते वाटायचं काम राउटर करतो. त्याला डीएचसीपी म्हणतात. एका घरात असे दोन वाटपे झाले, की जुना राउटर पत्ता देताना 'बाहेरची वाट माझ्याकडूनच' असं खुशाल सांगतो. त्याच्याकडे तर इंटरनेटच नाही! ताईची ऑनलाइन मुलाखत त्यापायी बंद पडली, तर तुमची धडगत नाही.

म्हणून आधी त्याला एकटा ठेवा. टाचणीनं रीसेटचं बटण दहाएक सेकंद दाबा. मग फक्त त्यालाच संगणक जोडून आत शिरा. पत्ता आणि पासवर्ड बहुधा तळाच्या लेबलावर असतात. नवा राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ करा, फक्त नवा तोच आकडा आणखी कुणाला वाटणार नाही एवढं बघा. आता या पत्त्यावरून पुन्हा आत जा आणि डीएचसीपी बंद करा. वायफायसुद्धा! रीसेटनंतर काही जुन्या राउटरांचं वायफाय पासवर्डाविना सताड उघडं असतं.

आता नव्याच्या लॅनमधून जुन्याच्या लॅनमध्ये वायर. वॅनला हात लावायचा नाही. उरली तीन पोर्टं: टीव्ही, प्रिंटर, काय हवं ते जोडा. जुन्यांचा वेग मात्र बऱ्याचदा सेकंदाला १०० मेगाबिटच असतो. टीव्हीला तेवढा पुष्कळ झाला. मोठाले गेम उतरवायचा संगणक नव्यालाच राहू द्या.