फुकटाची साखळी आणि विश्वासाची साखळी

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावाने २९ सप्टेंबर २०१० रोजी देशाच्या इतिहासात आपले नाव नोंदविले. देशातील पहिले आधार क्रमांक त्या दिवशी तत्कालीन पंतप्रधानांच्या उपस्थितीत या गावातील रहिवाशांना देण्यात आले. ज्या माणसाची कोणत्याही कार्यालयात ओळख नव्हती, त्याला बारा अंकांची ओळख मिळावी आणि शासनाची मदत मध्यस्थांवाचून थेट त्याच्यापर्यंत पोहोचावी, हा त्यामागील हेतू. त्यानंतर आधारला बँकेचे खाते जोडले गेले आणि खात्याला भ्रमणध्वनी. आज डोंगरपाड्यावरच्या तरुणाच्या हातातही तो भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर एक निरोप हमखास येतो: ‘अभिनंदन! आपली निवड झाली आहे. मोफत मोबाइल मिळविण्यासाठी खालील लिंक उघडा, नाव, पत्ता, आधार क्रमांक भरा आणि हा संदेश दहा मित्रांना पाठवा.’ शासनाने मोठ्या कष्टाने दिलेली ओळख एका फुकटच्या बक्षिसाच्या आशेने अनोळखी माणसाच्या हाती सोपविली जाते. एवढ्यावर थांबत नाही. आपल्यामागे दहा आप्तांनाही त्याच दारात उभे केले जाते.

हा प्रकार क्षुल्लक वाटतो. एखादी लिंक उघडली, बक्षीस आले तर आले, न आले तर आपले काय गेले, असा सुशिक्षित घरांतलाही विचार असतो. परंतु काय गेले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

या धंद्याचे मूळ अमेरिकेत सापडते. २००४ च्या सुमारास तेथे ‘फ्री आयपॉड’ देणाऱ्या संकेतस्थळांची मोठी लाट आली. अट साधी होती. ग्राहकाने एखाद्या जाहिरातदाराची योजना स्वीकारायची, म्हणजे कुठे सभासद व्हायचे, कुठे क्रेडिट कार्डासाठी अर्ज करायचा, आणि आणखी पाच मित्रांना तसेच करायला लावायचे. की आयपॉड घरी येत असे. तो अनेकांना खरोखर मिळाला, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. गळाला लावलेले आमिष खरे असते, म्हणूनच मासा लागतो. जाहिरातदार प्रत्येक नव्या ग्राहकामागे संकेतस्थळाला पैसे देत असे आणि त्यातून बक्षिसाचा खर्च निघत असे. म्हणजे फुकट काहीच नव्हते. बक्षीस घेणारा स्वतःच विकला जाणारा माल होता. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने असे संकेतस्थळ चालविणाऱ्या ‘ग्रॅटिस इंटरनेट’ या कंपनीवर खटला भरला. ग्राहकांची माहिती कोणालाही देणार नाही, असे वचन देऊन लाखो लोकांची माहिती विकल्याचा आरोप त्यात होता. ती माहिती विकत घेणाऱ्या एका विपणन कंपनीने ११ लाख डॉलर भरून तडजोड केली. आयपॉड जुना झाला, भंगारात गेला. विकली गेलेली माहिती मात्र परत आणता येत नाही.

माहितीच्या व्यापाराची ही एक बाजू. दुसरी बाजू पैशांच्या साखळीची, आणि ती अधिक दाहक आहे. ‘तुम्ही सहा जण आणा, ते सहा जण प्रत्येकी सहा आणतील’ असे सांगणाऱ्याच्या हाती कागद-पेन्सिल देऊन त्यालाच गणित मांडायला लावावे. पहिल्या पायरीला ६, दुसऱ्या पायरीला ३६, तिसरीला २१६, चौथीला १,२९६, पाचवीला ७,७७६, सहावीला ४६,६५६, सातवीला २,७९,९३६ आणि आठव्या पायरीला १६,७९,६१६. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सारा जिल्हा सभासद केला, तरी आठवी पायरी पूर्ण होत नाही! आणि साखळी कोणत्याही पायरीला तुटली, तरी दर सहा जणांतील पाच जण सर्वांत खालच्या पायरीवर असतात. त्यांच्याखाली कोणीच नसते. त्यांनी भरलेला पैसा वर गेलेला असतो आणि त्यांना देण्यासाठी खालून येणारा पैसा आटलेला असतो. येथे कोणाची नियत चांगली की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. चालविणारा संत असला तरी हे गणित बदलत नाही.

महाराष्ट्राने या गणिताचे धडे एकदा नव्हे, अनेकदा घेतले आहेत. ‘स्पीक एशिया’ या कंपनीने सुमारे ११,००० रुपये भरून घरबसल्या सर्वेक्षणे भरण्याची संधी देऊ केली होती. आठवड्याला दोन सर्वेक्षणे, प्रत्येकी ५०० रुपये आणि नवे सभासद जोडणाऱ्याला वेगळा लाभ. ११ हजारांचे वर्षात ५२ हजार होत असतील, तर ती सर्वेक्षणे विकत घेतो कोण, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. २०११ मध्ये कारभार गडगडला, तेव्हा पोलिसांच्या तपासात सुमारे २४ लाख लोक आणि २,२०० कोटींहून अधिक रुपये गुंतल्याचे समोर आले. २०१४ मध्ये नाशिकच्या ‘केबीसी’ कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. साखळी पद्धतीने कित्येक पट परताव्याचे आमिष दाखवून राज्यभरातील सामान्यांची पुंजी त्यात ओढली गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादर येथे ‘टोरेस’च्या दालनाबाहेर हजारो लोक जमले. रत्नांच्या नावाखाली दर आठवड्याला परतावा, आणि ओळखीच्यांना आणणाऱ्याला अधिक लाभ, अशी ती योजना होती. सर्वेक्षण, गुंतवणूक, रत्ने. वेष बदलत गेला. आतला सांगाडा तोच राहिला. आदल्याला देण्यासाठी नंतरच्याचा खिसा, एवढेच त्याचे सार.

याचा अर्थ ओळखीतून ग्राहक जोडणारी प्रत्येक योजना म्हणजे फसवणूक, असे मात्र नाही. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘भीम’ अ‍ॅपसाठी अशीच योजना घोषित केली होती. नव्या माणसाला अ‍ॅप वापरायला शिकविणाऱ्याला त्या वेळी प्रत्येकी १० रुपये मिळत. तेथे कोणाकडून प्रवेशशुल्क घेतले जात नव्हते, खर्च उघडपणे शासनाचा होता आणि अ‍ॅपची उपयुक्तता बक्षिसावर अवलंबून नव्हती. फरक नेमका येथे आहे. म्हणून कोणत्याही योजनेला तीन प्रश्न विचारावेत. बक्षिसाचा पैसा नेमका कोण देतो? आत येण्यासाठी पैसे किंवा खासगी माहिती द्यावी लागते काय? आणि नवी माणसे जोडणे थांबले, तर ही वस्तू किंवा सेवा कोणी विकत घेईल काय? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे न देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

कायदाही या बाबतीत मुका नाही. जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बक्षीस-चिठ्ठ्यांवर बंदी घालण्याची शिफारस केली आणि त्यानंतर १९७८ मध्ये बक्षीस-चिठ्ठी व धनचक्र योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. अशी योजना चालविणेच नव्हे, तर तिच्यात इतरांना सभासद करणे आणि सहभागी होणे हाही त्याखाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मीही फसलो, असे म्हणणारा माणूस आपल्याखाली वीस जणांना जोडून बसला असेल, तर कायद्याच्या नजरेत तो निव्वळ फसलेला राहत नाही. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आहे, थेट विक्रीच्या नावाखालील मनोरे मोडण्यासाठी २०२१ चे नियम आहेत आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा संमत केला आहे. तथापि, कायदा बहुधा घर जळाल्यावर पोहोचतो. आग लागू नये, ही जबाबदारी समाजाची आहे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही जबाबदारी अधिक गंभीर होते. येथील बहुसंख्य समाज वनवासी आहे. अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी वर्षातले काही महिने गुजरातेत काढतात. घरी आणलेली ती मजुरी हीच वर्षभराची शिल्लक. या समाजाची खरी संपत्ती त्याच्या बँकखात्यात नसून परस्परांवरील विश्वासात आहे. शब्दाला जागणे हा येथला स्वभाव आहे. साखळी योजनेचा दलाल नेमका हाच विश्वास हेरतो. तो गावात येतो तेव्हा गावगुंडाला गाठत नाही. तो शिक्षकाला गाठतो, भजनी मंडळाच्या प्रमुखाला गाठतो, बचत गटाच्या अध्यक्षाताईंना गाठतो. ज्याच्या शब्दावर पन्नास घरे डोळे मिटून पैसे देतील, असा माणूस त्याला हवा असतो. योजना बुडते तेव्हा दलाल परागंदा झालेला असतो आणि गावात उरतो तो हा भला माणूस. मेव्हणा बोलत नाही, चुलत्याने दार बंद केलेले, आणि लाजेने कोणी पोलिसांत तक्रारही देत नाही. बुडालेले पैसे दोन हंगामांच्या कष्टात भरून निघतीलही. तुटलेले नाते कोणत्या हंगामात भरून निघणार?

हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे की, सामाजिक कार्यकर्ताही या मोहापासून सुरक्षित नाही. किंबहुना तो अधिक धोक्यात आहे. वर्षानुवर्षे घरोघर संपर्क करून, सुखदुःखात धावून जाऊन त्याने जो विश्वास मिळविला, तो त्याची खासगी मालमत्ता नाही. ती समाजाने कार्यासाठी दिलेली ठेव आहे. ज्या दारात कार्यकर्ता राष्ट्रकार्यासाठी गेला, त्याच दारात तो उद्या दलालीसाठी उभा राहिला, तर परवा त्या घरात कोणत्याही कार्यकर्त्याला पाट मिळणार नाही. संपर्काची यादी आणि ग्राहकांची यादी या दोन वह्या कधीही एक होता कामा नयेत.

भारतीय विचाराने अर्थाला कधीच तुच्छ मानले नाही. चार पुरुषार्थांत त्याला मानाचे स्थान आहे; मात्र धर्माच्या अधिष्ठानावर. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव हे दोन्ही समाजाला घातक मानले. फुकटाच्या साखळीत हे दोन्ही दोष एकत्र येतात. अभावाने गांजलेला माणूस प्रभावाच्या मोहात सापडतो. श्रमावाचून मिळणाऱ्या धनाची चटक लागली की द्यूताचा पट मांडला गेलाच असे समजावे. आणि त्या पटावर प्रथम धन, मग घर आणि शेवटी घरची अब्रू लागते, हे महाभारताने या देशाला शिकविले आहे.

माणसाने माणूस जोडत जाण्याची रीत या भूमीला नवी नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास भिल्ल समाजात दारू सोडण्याचा, स्वच्छतेचा आणि सदाचाराचा संदेश दिला. एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने हाक मारावी, ही त्यांची शिकवण. तो संदेश पाड्यापाड्यांतून, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी असाच पसरला. त्या साखळीत शेवटच्या माणसाचे काही गेले नाही. उलट जो जोडला गेला, त्याच्या घरातील दारूचा पैसा वाचला. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे फळ कोणा ‘लकी ड्रॉ’मधून निघालेले नाही. त्यामागे तीन दशकांचे सामूहिक श्रम आहेत. नंदुरबारच्या गावागावांतील बचत गटांत महिन्याला जमणारी लहानशी रक्कम दिसायला किरकोळ असते, पण ती गटातच राहते आणि अडीनडीला गटातल्याच बहिणीच्या कामी येते. साखळी योजनेत पैसा वर जातो आणि दिसेनासा होतो. बचत गटात तो फिरतो आणि वाढतो.

म्हणून आता कृतीची गरज आहे. बचत गटाच्या बैठकीत, आश्रमशाळेच्या पालकसभेत, गणेशोत्सवाच्या मांडवात आठ पायऱ्यांचे हे गणित फळ्यावर मांडावे. ते समजायला पदवी लागत नाही. अनोळखी लिंकवर आधार क्रमांक, बँकेचा तपशील आणि ओटीपी देऊ नये, हे घरातील तरुणांनी आई-आजीला शांतपणे समजावून सांगावे. पैसे गेलेच, तर लाज न धरता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. आणि फसलेल्याची टिंगल होणार नाही, याची हमी गावाने द्यावी. टिंगलीच्या भयाने गप्प बसलेला प्रत्येक माणूस दलालाला पुढच्या गावाची वाट मोकळी करून देतो.

टेंभलीला मिळालेल्या बारा अंकांनी माणसाची नोंद झाली. त्या माणसाची पत मात्र त्याच्या शब्दावर आणि श्रमावर ठरते. ती पत फुकटच्या बक्षिसापायी गहाण पडू न देणे, हे प्रत्येक घराचे आणि त्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.