भंगार कोणी ठरवायचे?

दुसरबीडच्या आमच्या अभ्यासिकेला मागे चार जुने संगणक मिळाले. एका कार्यालयाने ते 'दान' केले. हार झाले, फोटो झाले, व्हॉट्सॲपवर अभिनंदन झाले. संगणक मात्र सुरू झाले नाहीत. शहरातल्या दुकानात नेले. दुकानदाराने झाकणही न उघडता निकाल दिला, "यात आता नवं विंडोज बसत नाही. भंगारात घाला, किलोवर पैसे येतील." आम्ही ते भंगारात घातले नाहीत, परत आणले. तेव्हापासून आमचा एकच सवाल आहे : भंगार कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

आधी वस्तुस्थिती पाहू. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा नंतरचा हवा. २०१५ चा चांगला चालता संगणकही त्या यादीत बसत नाही. काम येते की नाही, हे कोणी विचारत नाही, जन्मसाल विचारतात. जन्मावरून लायकी ठरवण्याचा हिशेब आपल्याला काही नवा नाही. यंत्राला अपमान कळत नाही, हे खरे. पण त्या यंत्रासमोर बसायला आलेली आणि तशीच घरी परतलेली आपली मुलगी माणूस आहे.

मग आम्ही झाकणे उघडली. वर्षानुवर्षांची धूळ ब्रशने काढली. एका संगणकावर तारीख २००९ ची दिसत होती आणि एकही संकेतस्थळ उघडत नव्हते. दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा होता. सेल संपला की घड्याळ मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र मानत नाही. दोन-तीन चहांच्या पैशात नवा सेल आला आणि 'मेलेला' संगणक बोलू लागला.

चारपैकी दोन कोअर टू ड्युओ होते, दोन तिसऱ्या पिढीचे आय-थ्री. एका कोअर टू ड्युओचा बोर्ड खरोखरच गेला होता. त्याची दोन जीबी रॅम काढून त्याच्या जोडीदाराला लावली, त्याची चार जीबी झाली. आय-थ्रींना वर्गणीतून एसएसडी घेतल्या. पेन ड्राइव्हवरून लिनक्स आधी नुसतेच चालवून पाहिले. त्यासाठी काही पुसावे लागत नाही. चालते म्हटल्यावर आय-थ्रींवर लिनक्स मिंट बसवले आणि कोअर टू ड्युओवर डेबियन, हलक्या डेस्कटॉपसह. ही प्रणाली फुकट आहे, चोरीची नाही, आणि तिला आजही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. इनस्क्रिप्टने मराठी टंकलेखन होते. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज आमच्या मुलांनी याच संगणकावर भरला.

जादू मात्र नाही. कोअर टू ड्युओवर ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या उघडल्या की तो धापा टाकतो, मोठा व्हिडिओ अडकतो. त्याहून जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी तर डेबियन १३ नेही नवी मांडणी करण्याची सोय बंद केली आहे. म्हणजे यंत्रालाही म्हातारपण असते. पण म्हातारपण वेगळे आणि घराबाहेर काढणे वेगळे.

आता आपलेच काही कार्यकर्ते विचारतात, "म्हणजे पुन्हा दुसऱ्याचे उतरलेलेच आपल्या पोरांनी वापरायचे का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे : उतरलेले दान म्हणून नको, हक्क म्हणून हवे. चवदार तळे कोणाच्या मेहेरबानीचे नव्हते. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते, आणि १९२७ ला बाबासाहेबांनी तो हक्क प्रत्यक्ष बजावला. सरकारी कार्यालयातला संगणकही जनतेच्या पैशाचा आहे. त्याचे निर्लेखन करून तो किलोवर विकण्याआधी डिस्क नीट पुसा, दुरुस्त करा, मुक्त प्रणाली बसवा आणि चालू स्थितीत जिल्हा परिषद शाळांना, मागासवर्गीय वसतिगृहांना द्या. नव्या संगणकांची तरतूद त्यामुळे एक रुपयानेही कमी होता कामा नये. जुने हे नव्याला पर्याय नाही.

दुसरा आक्षेप : "एमएस-सीआयटीला विंडोज लागते, नोकरीत विंडोज लागते." परीक्षेच्या सरावासाठी जिथे विंडोज आहे तिथे जरूर बसा. पण पत्र लिहिणे, तक्ता मांडणे, फाइल सांभाळणे हे लिबरऑफिसवर शिकलेल्या मुलाला बटणाची जागा बदलली म्हणून घाम फुटत नाही. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत, ती काही मागे पडलेली नाहीत.

आणि भंगारात घातलेले संगणक जातात कुठे? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेला तो चौथाईपेक्षाही कमी. उरलेल्यातला किती तरी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गरिबांच्या उघड्या हातांनी फोडला जातो. घाण काढायला कोण, हा प्रश्न इथेही तोच आहे.

शेवटी स्वतःलाही विचारू. जयंतीला डीजेवर एका रात्रीत जेवढे उडते, तेवढ्यात अभ्यासिकेचे किती संगणक उभे राहतील? बाबासाहेबांचा पहिला आदेश 'शिका' हा होता. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक विहारातून एक बंद पडलेला संगणक आणि एक पेन ड्राइव्ह बाहेर निघू द्या. झाकण आपल्या मुलामुलींच्या हातांनी उघडू द्या. भंगार काय आणि कामाचे काय, ते त्यांनाच ठरवू द्या.

जय भीम!