पाटलांचे मूळ लाळेत सापडेल काय?

सोलापूर : विजापूर रस्त्यालगतच्या जुळे सोलापुरात कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखालचा नामफलक वाचावा. पाटील, कुलकर्णी, बिराजदार, होटगीकर, गड्डम, येमूल, शेख अशी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांची आडनावे एकाखाली एक दिसतात. ही घरे मुळात कोठली, हा प्रश्न या शहराला नवा नाही. लाळेचा नमुना पाठवून पूर्वजांचा माग सांगणाऱ्या ‘डीएनए’ चाचण्या आता भारतातही मागविता येतात, त्यामुळे या जुन्या प्रश्नाला नवे उत्तर मिळेल, अशी आशा मात्र निर्माण झाली आहे. ती कितपत खरी, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

चाचणीमागचे तत्त्व सोपे आहे. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते आणि आडनावही त्याच वाटेने चालते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ४४ टक्क्यांमध्ये एकच वाण आढळला. त्यावरून या आडनावाचा मूळ पुरुष बहुधा एकच असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस ब्रिटिश आडनावे तपासली. दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत नाते दिसले. ‘स्मिथ’सारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात ते दिसले नाही. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते.

आपल्याकडचा स्मिथ म्हणजे पाटील! पाटीलकी हे वतन होते, कूळ नव्हे. प्रत्येक गावाला आपापला पाटील होता. तो मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, कोळी अशा कोणत्याही समाजाचा असे. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचीही तीच गोष्ट. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली, आडनावे तेवढी राहिली. त्यामुळे जुळे सोलापुरातील दोन शेजारी पाटलांची ‘वाय’ गुणसूत्रे जुळली नाहीत, तर त्यात नवल काहीच नाही. उलट एखाद्या पाटलाचे गुणसूत्र माने किंवा जाधव यांच्याशी जुळण्याची शक्यता अधिक, कारण वतनाच्या नावाखाली जुने कुळाचे नाव अनेकदा झाकले गेले आहे.

‘कर’ लागलेल्या आडनावांचा पेच वेगळा आहे. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लागत नाही. गाव सोडल्यावर ते लागते. मंगळवेढा सोडून निघालेले सगळे मंगळवेढेकर, मग त्यांची जात कोणतीही असो. कोकणातील बेने इस्रायली ज्यूंनीही पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे घेतली. त्यांच्या जनुकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियाई ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर प्रमाणात आढळले. समाजाचा इतिहास जनुकांनी सांगितला, आडनावाचा मात्र रायगड जिल्ह्याच्या नकाशावरच वाचावा लागतो.

सोलापुरात ही चाचणी उपयोगी पडलीच, तर ती तेलुगू भाषक पद्मशाली समाजात पडण्याचा संभव अधिक. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या या घरांत गोत्र आणि ‘इंटिपेरू’, म्हणजे घराचे नाव, ही दोन्ही जपली जातात. घराचे नाव गोत्रापेक्षा अरुंद असते आणि ते नावाआधी लावण्याची रीत आहे. अशा नावामागे एकच पुरुष असण्याची शक्यता पाटलापेक्षा निश्चितच जास्त. अर्थात, जुळणी दाखवायची तर तेलंगणातील त्याच नावाच्या माणसानेही चाचणी केलेली असली पाहिजे. मोठ्या परदेशी साठ्यांमध्ये भारतीय नमुने तुलनेने फारच थोडे आहेत.

शिवाय दत्तकाचा प्रश्न उरतोच. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून भोसल्यांच्या गादीवर दत्तक आले. बडोद्याचे सयाजीराव मात्र १८७५ मध्ये कवळाण्याच्या गायकवाड भाऊबंदांतूनच आले. दोघांचेही दत्तकविधान सर्वज्ञात. घरोघरच्या दत्तकाची आणि घरजावयाची नोंद मात्र क्वचितच राहिली आहे. चाचणीच्या लेखी तो केवळ ‘न जुळणारा’ नमुना ठरतो, आणि घरात नको त्या शंकेला जागा मिळते.

महाराष्ट्रात वंशावळ हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी दप्तरे धुंडाळली जाऊ लागली. ‘मग रक्त तपासून जात सिद्ध का होऊ नये?’ असा प्रश्न त्या ओघात मनात येणे स्वाभाविक आहे. तो मुळातच चुकीचा आहे. दोन पुरुषांचा पितृवंश एक आहे एवढे चाचणी सांगते. तो पूर्वज शंभर वर्षांपूर्वीचा की पाचशे, हे ती अंदाजानेच सांगते आणि त्याची जात तर मुळीच सांगू शकत नाही. पडताळणीत महसुली नोंद, शाळेचा दाखला, नातेसंबंधाचा कागद हेच पाहिले जाते.

कागदाच्या बाबतीत हा जिल्हा दरिद्री नाही. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे यात्रेकरू घराण्यांच्या वह्या आहेत. कर्नाटक सीमेवरचे हेळवी पूर्वी बैलावरून गावोगाव येत आणि पिढ्यांची नावे घडाघडा सांगत. या वह्यांत लेकी-सुनांचा उल्लेख कमीच, पण ‘वाय’ गुणसूत्रातही त्यांना स्थान नाही. आईकडचा वंश सांगणारी वेगळी चाचणी आहे. तिचा आडनावाशी संबंध नाही.

नमुना पाठविणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकाने लाळ दिली, तरी त्याच्या सख्ख्या-चुलत भावांचीही माहिती त्यात जाते, त्यांची संमती कोणी विचारत नाही. भारतात ‘डीएनए’ तंत्रज्ञान नियमनाचे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. त्याचा रोख मुख्यतः गुन्हे तपास आणि ओळख पटविण्यावर होता. जुलै २०२३ मध्ये सरकारने तेही मागे घेतले.