थेंबांची गोफण

जुलैत महाबळेश्वरच्या रस्त्याने चालणारा माणूस कित्येकदा ढगातूनच चालत असतो. पाऊस पडत नसतो, तरी भुवयांवर आणि स्वेटरच्या लोकरीवर पाण्याचे बारीक मणी जमतात. हे मणी ज्या थेंबुट्यांचे होतात, त्यांची त्रिज्या जेमतेम १० मायक्रॉन. टपोऱ्या सरीतला १ मिलिमीटर त्रिज्येचा एक थेंब घडायला असे १० लाख थेंबुटे एकत्र यावे लागतात. ढग हे काम अर्ध्या तासातही उरकतो.

कसे?

धुळीच्या किंवा मिठाच्या कणावर वाफ बसते आणि थेंबुटा जन्मतो. १५ मायक्रॉनपर्यंत तो भराभर वाढतो, पुढे वाढ मंदावते. ४० मायक्रॉन ओलांडले की स्वतःच्या वजनाने उतरताना वाटेतले थेंबुटे पोटात घेऊ लागतो. अडचण आहे ती मधल्या टप्प्याची. सगळेच जवळपास एका मापाचे, एकाच संथ चालीने उतरणारे. मग टक्कर व्हावी कशी? त्यातून कुणी जवळ आलेच, तर दुसऱ्याला वळसा घालणारी हवा त्याला बाजूला सारते.

इथे हवेतली खळबळ, म्हणजे प्रक्षोभ, कामाला येतो. ढगात मोठ्या भोवऱ्यांच्या पोटात मिलिमीटरभराचे भोवरे फिरत असतात. थेंबुटा हवेपेक्षा जड, त्यामुळे वळणावर तो बाहेर फेकला जातो. कुठे जागा ओस पडते, कुठे दाटी होते. सॅफमन आणि टर्नर यांनी १९५६ साली ढगातल्या या टकरींचे गणित मांडले. २००२ मध्ये फाल्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की जोरकस भोवऱ्यातून सुटलेला थेंबुटा हवेची वाट सोडून थेट दुसऱ्यावर आदळू शकतो. शास्त्रज्ञ याला गोफणीचा परिणाम म्हणतात. ज्वारी राखणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मिठाचे मोठे कण आणि ढगात शिरणारी कोरडी हवा यांचाही वाटा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून उपकरणांनी सज्ज विमाने ढगांत नेली. २०१२ पासून महाबळेश्वरला तिची मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे.

ज्या मुलखात पेरणीची तारीख ढगाकडे बघून ठरते, तिथे ढगाच्या आत काय घडते हे मराठीत सविस्तर वाचायला मिळालेच पाहिजे. त्या आग्रहातून यंदाचा अंक मेघांना वाहिला आहे.