उशिरा येणाऱ्या मुलाचं काय करायचं?

काशीमीरा नाक्यावर सकाळी तीन दिशांची वाहनं एकमेकांत घुसतात. काही मुंबईकडची, काही घोडबंदर रस्त्याने ठाण्याहून आलेली, काही वसईमार्गे गुजरातकडे निघालेली. या कोंडीतून दप्तरं पाठीला लावलेली पोरं वाट काढत असतात. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे माशाचा पाडा, मांडवी पाडा असे जुने आदिवासी पाडे, मध्ये दाटीवाटीच्या चाळी, आणि दुसऱ्या अंगाला मीरा रोडचे टॉवर. १९९१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ला ती आठ लाख नऊ हजारांवर गेली. माणसं आधी आली, नळ, रस्ते आणि शाळा मागून.

अशा वस्तीतल्या कुठल्याही वर्गात एक मूल उशिराच येतं. कधी पाण्याची वेळ असते, कधी आई पहाटेच टॉवरमधल्या कामांना गेलेली असते आणि धाकट्याला शेजारणीकडे पोचवल्याशिवाय दाराला कडी लावता येत नाही. बाईंच्या समोर पन्नास डोकी, फळ्यावर अर्धवट सोडवलेला भागाकार. दारात ते मूल उभं. आता काय करायचं?

कायद्याने काय करायचं नाही ते स्वच्छ सांगितलं आहे. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली. म्हणजे छडी गेली, अंगठे धरून उभं करणं गेलं आणि ‘आलात का राजे?’ म्हणून वर्गाला हसवणंही, कागदावर तरी, गेलं. पण छडी हातातून काढून घेतल्यावर त्या हातात काय द्यायचं, याचा विचार आपल्याकडे फार कमी झाला. प्रशिक्षणात ‘मुलांशी प्रेमाने वागा’ असं सांगतात. प्रेमाने वागायचं म्हणजे भागाकार थांबवायचा की चालू ठेवायचा, हे कोणी सांगत नाही.

आणि थांबवला तर बाकीच्या पन्नासांवर अन्याय होतो. सहृदय शिक्षकाची खरी अडचण इथे आहे. निष्ठुर शिक्षकाला हा प्रश्न पडतच नाही.

या अडचणीला भिडलेलं एक उदाहरण फार लांब नाही. काशीमीरा नाक्यावरून गुजरातकडे जाणाऱ्या महामार्गाने उत्तरेला गेलं की डहाणूजवळ कोसबाडची टेकडी लागते. २०१४मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत कोसबाड आणि काशीमीरा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. तिथली वारली मुलं शाळेत येत नव्हती. त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं, आणि सरकारदरबारी तसं म्हटलंही जात असे. या दोघींनी मुलं दिवसभर असतात कुठे ते पाहिलं. मुलगे गुरांमागे होते आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं होती.

मग गुरं चरतात तिथेच शाळा नेली. तिचं नाव कुरणशाळा. शिक्षक साहित्य घेऊन कुरणात जायचा, मुलं एक डोळा गुरांवर ठेवून अक्षरं गिरवायची. मुलींसाठी शाळेलाच पाळणाघर जोडलं, म्हणजे कडेवरचं मूल तिथे उतरवून ताईला पाटी हातात घेता यावी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याच्या या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटलं. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५मध्ये पद्मश्री. दोघींच्या मायाळूपणाच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. त्यांचं जास्त अवघड काम मात्र वेगळं होतं : त्यांनी मुलाला वेळापत्रकात बसवण्याऐवजी वेळापत्रक मुलाभोवती बेतलं. त्यात भावनेपेक्षा निरीक्षण जास्त होतं, आणि बऱ्यापैकी हट्टही.

काशीमीऱ्याच्या शिक्षिकेला ते करता येईल? बहुतेक नाही. एकाच इमारतीत दोन पाळ्या, सकाळची सुटली की दुपारची दारात. २०२३च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळेची वेळ बदलण्याचं सुचवलं आणि २०२४च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. हेतू चांगलाच होता. पण दोन पाळ्यांच्या शाळेत पहिली पाळी नऊला सुरू झाली की दुसरी कधी सुटणार, आणि स्कूलबसवाल्यांच्या फेऱ्यांचं काय, यावर लगेच कुरबुर सुरू झाली. माया परिपत्रकातून येते तेव्हा ती इमारतीच्या मापाला अडते.

वेळेचा दुसरा वाटेकरी म्हणजे कागद. पोषण आहाराची नोंद, पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती, आधार जुळवणी, मतदार याद्यांचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २७ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं आहे. आता एवढ्या तीन अपवादांतून काय काय आत येऊ शकतं, ते कोणत्याही शिक्षकखोलीत जाऊन विचारावं. मूल तीन दिवस आलं नाही तर त्याच्या घरी जायला हवं. राज्यात २०१७पासून ‘बालरक्षक’ शिक्षकांची चळवळ त्यासाठीच उभी राहिली, आणि गावाकडे निघालेल्या मुलाच्या हातात ‘शिक्षण हमी कार्ड’ देण्याची सोयही झाली, म्हणजे तिकडच्या शाळेने त्याला दाखल करून घ्यावं. पण पाड्यावर जायचं म्हणजे शाळा सुटल्यावर, आणि शाळा सुटल्यावर पोर्टल उघडं असतं.

एक धोका मात्र मायाळू शिक्षकाने स्वतःच ओढवून घेतलेला असतो. ‘बिचारं पोर, घरी किती हाल!’ असं म्हणत त्याला वाचायला उठवायचं नाही, वही तपासायची नाही, पुढच्या वर्गात ढकलायचं. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, या तरतुदीचा अनेक ठिकाणी असाच सोयीस्कर अर्थ लावला गेला. आता राज्याने २०२३मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, फेरपरीक्षेतही जमलं नाही तर त्याच वर्गात बसवायची मुभा दिली. हेही उत्तर वाटत नाही. चार वर्षं दयेने दुर्लक्ष करायचं आणि पाचव्या वर्षी परीक्षेने हिशेब चुकता करायचा, यात मुलाच्या पदरात पडलं काय?

अमेरिकेतल्या नेल नॉडिंग्ज या विदुषीने १९८४मध्ये ‘केअरिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्या आधी शाळेत गणित शिकवत आणि घरी दहा मुलं वाढवत होत्या, त्यामुळे हवेत बोलायची सवय नसावी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काळजी घेणाऱ्याचा हेतू पुरेसा नाही. ज्याची काळजी घेतली त्याच्यापर्यंत ती पोचली, त्याने ती ओळखली, तरच ती पुरी झाली. वर्गातल्या दयेला ही कसोटी लावली की पुष्कळशी दया गळून पडते.

आपल्याकडे सहृदय शिक्षक म्हटला की साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० ते अमळनेरला शिकवत होते आणि तिथल्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. पण ते मुलांसोबत राहत होते, संसार नव्हता, संध्याकाळ मुलांची होती. आज पहिली तीन वर्षं मानधनावर काढणाऱ्या शिक्षणसेवकाकडून तीच अपेक्षा ठेवायची तर त्याच्या खिशाकडेही बघायला हवं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३च्या जानेवारीपासून सोळा हजार झालं, त्याआधी ते सहा हजार होतं. एवढ्यात या शहरात भाड्याची खोली आणि तीन वर्षं प्रसन्न चेहरा, दोन्ही सांभाळायचं. जोतीराव फुल्यांना हे हिशेब कळत होते. १८८२मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, मुलांच्या गरजा त्यांना समजाव्यात असं म्हटलं, आणि त्यासोबत पगार बारा रुपयांच्या खाली नसावा हेही सांगितलं.

तरीही शिक्षकाच्या हातात काही उरतं. पहिली ते चौथीला बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक सगळे विषय घेतो. त्याने भागाकार दुसऱ्या तासाला नेला आणि पहिला तास गाणी, गोष्टी, वाचनाला ठेवला, तर उशिरा आलेलं मूल मागच्या बाकावर गुपचूप येऊन बसतं आणि त्याचं गणित बुडत नाही. वर्गही थांबत नाही. पुढे विषयवार शिक्षक आले की मात्र तास बदलायला मुख्याध्यापकांची सही लागते, आणि वेळापत्रक जूनमध्ये एकदाच लागतं.