व्होकोडर घ्यावा, पण कोणता?

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी आपल्या मोठ्या गटातल्या मुलांना व्होकोडर हवा आहे. काही पालक विचारतात, "यंत्राच्या आवाजात मराठी गाणे कशाला?" मुले म्हणतात, "ज्यात सर्वांत जास्त आवाज आहेत तो घ्या." माझे मत दोन्ही पक्षांहून वेगळे आहे. व्होकोडर जरूर घ्यावा. मात्र आवाज मोजून नव्हे, शब्द ऐकून घ्यावा.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. गाणाऱ्याचे हात की-बोर्डवर असतात आणि तोंड मायक्रोफोनपाशी. यंत्र आपल्या आवाजाचे खर्जापासून टिपेपर्यंत पट्टे पाडते आणि क्षणोक्षणी कोणत्या पट्ट्यात किती जोर आहे ते मोजते. तेवढाच जोर ते की-बोर्डच्या आवाजातल्या त्या त्या पट्ट्याला देते. झाले, की-बोर्ड बोलू लागतो! सूर बोटांचा, शब्द तोंडाचा. आपण नुसते बोललो तरी गाणे सुरात निघते. पण आपण पुटपुटलो, तर यंत्रही पुटपुटते.

इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. शेर या गायिकेच्या १९९८ सालच्या 'बिलीव्ह' गाण्यातला तो तुटक आवाज व्होकोडरचा नव्हे, ऑटो-ट्यूनचा आहे. ऑटो-ट्यून गाणाऱ्याचा सूर दुरुस्त करते. व्होकोडर गाणाऱ्याचा सूर बाजूलाच ठेवतो आणि त्याचे उच्चार तेवढे घेतो. म्हणूनच मराठीच्या वर्गाला शोभेल असे हे वाद्य आहे, असे मी म्हणतो.

याचा जन्मही शब्दांसाठीच झाला. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये होमर डडली यांनी टेलिफोनवरचे बोलणे कमी जागेत पाठवता यावे म्हणून याचा शोध लावला. १९३९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामधली गुप्त संभाषणे याच पद्धतीच्या यंत्रणेतून चालत. तिच्यात आवाजाचे पट्टे होते अवघे १०. संगीतात हे यंत्र पुढे आले. पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांनी १९७८ मध्ये 'सनलाइट' या तबकडीवर व्होकोडरमधून गाणी म्हटली. त्यांची ख्याती वादक म्हणून, गायक म्हणून नव्हे!

आपल्या वर्गातही तेरा-चौदा वर्षांची मुले आहेत. त्यांचा आवाज फुटू लागला की ती गाण्यातून अंग काढून घेतात आणि पडदा ओढायच्या कामाला लागतात. आवाज स्थिर होईपर्यंत दोन वर्षे जातात, आणि तोवर मराठीशी असलेला उरलासुरला संबंधही सुटतो. अशा मुलांना व्होकोडर रंगमंचावर परत आणू शकेल. "मुले यंत्राआड लपतील" ही पालकांची भीती मला पटत नाही. सूर लपेल, उच्चार कसा लपेल?

आता निवड. पहिली गोष्ट, पट्ट्यांच्या आकड्याच्या मागे लागू नये. कॉर्गच्या २००२ सालच्या मायक्रोकॉर्गमध्ये ८ पट्टे आहेत, रोलँडच्या १९७९ सालच्या व्हीपी-३३० मध्ये १० होते, आणि दोन्ही वाद्ये जगभर गाजली. पट्टे वाढले की शब्द साधारणपणे स्वच्छ होतात, हे खरे; पण तेवढ्यानेच काम भागत नाही.

दुसरी गोष्ट व्यंजनांची. 'स', 'श', 'च' यांचा सळसळणारा भाग फार वरच्या पट्टीत असतो. फोनवर आपले आडनाव सांगताना 'स' आणि 'फ' यांची गल्लत होते ती याच कारणाने. साध्या फोनवर वरचा भाग कापलेला असतो. ही सळसळ वेगळी पुढे सोडण्याची किंवा तिच्या जागी खरखर मिसळण्याची सोय ज्या व्होकोडरमध्ये आहे, तोच घ्यावा.

तिसरी गोष्ट, की-बोर्डचा आवाज धारदार निवडावा. बासरीसारखा मऊ आवाज घेतला तर वरच्या पट्ट्यांत काहीच नसते, मग यंत्र शब्द घडवणार कशातून?

चौथी गोष्ट मायक्रोफोन. छोट्या की-बोर्डबरोबर जो वाकणाऱ्या दांडीचा मायक्रोफोन मिळतो, तो घरी ठीक. रंगमंचावर शेजारी ढोलकी आणि झांजा असल्या की त्याही त्यात शिरतात आणि ढोलकीच 'गाऊ' लागते. नेहमीचा हातातला डायनॅमिक मायक्रोफोन जोडता येईल असे वाद्य पाहावे आणि तो ओठांजवळ धरावा.

पाचवी गोष्ट पट्ट्यांची, म्हणजे वाजवायच्या. मायक्रोकॉर्गच्या ३७ पट्ट्या लहान आकाराच्या आहेत. पियानो शिकणाऱ्या मुलांची बोटे तिथे अडखळतात. ज्यांच्या घरी चांगला की-बोर्ड आहे त्यांनी बाहेरचे वाद्य जोडून घेणारा, पेडलच्या रूपातला व्होकोडर पाहावा. मात्र कार्यक्रमाच्या दिवशी वायरी जोडायला पाचच मिनिटे मिळतात. म्हणून वर्गासाठी एकाच पेटीत सर्व काही असलेले वाद्य मला अधिक सोयीचे वाटते.

आणि खरी परीक्षा अशी. दुकानात जाताना कागदावर दहा शब्द लिहून न्या: वेळ, वेल, काळा, काला, सात, साठ, भात, बात, खार, चार. एकाने ते उलटसुलट क्रमाने व्होकोडरमधून म्हणावेत. आजी किंवा आजोबांनी पाठ करून दूर उभे राहून ऐकू येतील तसे लिहावेत. ज्या वाद्यावर सर्वांत जास्त शब्द बरोबर येतील ते आपले. चुकले तर तोच शब्द साध्या आवाजात म्हणून पाहा. दोष यंत्राचा की जिभेचा, ते लगेच कळेल!

"परके वाद्य" ही तक्रार नवी नाही. पेटीही युरोपातून आली. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पर्यंत तिला बंदी होती, पण त्याआधीच मराठी नाट्यसंगीताने तिला आपलेसे केले होते. वाद्य कुठले हे लोक विसरतात, गाणे समजले की नाही हे विसरत नाहीत.

व्होकोडरला मर्यादाही आहेत. मींड, हरकती, तान यांतले बारकावे त्यात हरवतात. म्हणून भावगीत किंवा अभंग साध्या गळ्यानेच म्हणावा. ठेक्यावरची, शब्दांच्या गमतीची गाणी व्होकोडरला द्यावीत, आणि तीही कार्यक्रमात एक-दोनच.

तेव्हा मुलांनो, व्होकोडर मागा, हट्टाने मागा. पण आधी ते दहा शब्द स्वच्छ म्हणायला शिका. आणि पालकहो, शेवटच्या रांगेतल्या आजींना प्रत्येक शब्द कळला, तर पैसे वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.