शाळा बदलली? आधी भाषेचं पुस्तक विचारा

जून आला की पुण्याच्या मार्केट यार्डाच्या आसपासच्या वस्त्यांत नवी बिऱ्हाडं उतरतात. कुणी यादगीर-कलबुर्गीकडचं, कुणी बीड-सोलापूरचं, कुणी थेट बिहारहून आलेलं. बाप पहाटेच गाड्या खाली करायला गाळ्यावर जातो, आई भाजी निवडायला नाहीतर धुण्याभांड्यांना. पोर जुन्या शाळेचा दाखला घेऊन नव्या शाळेच्या दारात उभं राहतं. दुसरी-तिसरीतलं असेल तर खेळता खेळता रुळतं. आठवी-नववीतलं असेल तर अडतं, आणि बहुतेक वेळा भाषेतच अडतं. गणिताचे आकडे गावोगाव सारखेच असतात. पण कालपर्यंत जी भाषा वर्गात चालत होती, ती आज चालत नाही.

मी संध्याकाळी अशा मुलांना मराठी शिकवतो. एक मुलगी परराज्यातून नववीत, इंग्रजी माध्यमात आली. मराठीचं कोणतं पुस्तक घ्यायचं, हे तिला कुणी नीट सांगितलंच नाही. शेजारच्या दादाचं जुनं ‘कुमारभारती’ घेऊन ती तीन महिने रात्री जागली. ते मराठी माध्यमाचं, प्रथम भाषेचं पुस्तक. तिला लागत होतं ‘अक्षरभारती’. सहामाही तोंडावर आली तेव्हा हे कळलं. मुलगी हुशार होती, मेहनतीही होती. पण चुकीच्या पुस्तकावर केलेली मेहनत पेपरात उतरत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी नियम समजून घ्या. राज्य मंडळाच्या दहावीला तीन भाषा असतात. पहिली भाषा साधारणपणे माध्यमाची, आणि तिच्याबरोबर आणखी दोन. हिंदी पूर्ण १०० गुणांची घेता येते, किंवा संस्कृतसारख्या भाषेबरोबर ५०-५० गुणांची संयुक्त. पूर्ण हिंदीचं पुस्तक वेगळं, संयुक्तचं वेगळं. यातलं काय शिकवायचं हे शाळा ठरवते, म्हणून विचारायचंही शाळेलाच. दुसरी गोष्ट, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्याने ती दहावीपर्यंत पोहोचली. त्यामुळे शाळा सीबीएसईची असली तरी मराठीची तयारी ठेवा. बाहेरून वरच्या वर्गात आलेल्या मुलाला काही सवलत आहे का, ते शाळेला लेखी विचारा.

आता कागदांचं. शेतकरी मालाची पट्टी जशी जपून ठेवतो, तशी मुलाची कागदपत्रं जपा. जुनी शाळा सोडताना तीन गोष्टी मागून घ्या: शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक, आणि मुलगा कोणत्या भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकला याची शाळेच्या शिक्क्याची चिठ्ठी. तिसरा कागद कुणी मागत नाही, पण वरच्या वर्गात तोच सर्वात जास्त कामाला येतो. परराज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी गाव सोडण्याआधीच घ्या. एका सहीसाठी पुन्हा गावाला जायचं म्हणजे दोन-तीन दिवसांची हजेरी बुडते.

दाखला वेळेत मिळाला नाही, तरी पोराला घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. शाळा मधेच सुटली असेल, तर मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावं, असंही तोच कायदा म्हणतो. हे भीक मागितल्यासारखं बोलू नका. तो लेकराचा हक्क आहे. नम्रपणे, पण ठामपणे मागा.

मग घरचा अभ्यास. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. नववीच्या मुलाला एकदम नववीचं पुस्तक देऊ नका. सहावीच्या ‘सुलभभारती’पासून सुरू करा आणि दोन-तीन महिन्यांत वर या. कन्नडवाल्या मुलाला लिपी नवी असेल, तर त्याचे पहिले पंधरा दिवस अक्षरांनाच द्या. हिंदीवाल्याला लिपी येते, त्याचा घोळ ‘ळ’, ‘च’-‘ज’चे उच्चार आणि लिंगात होतो. त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि सरावाला बाजार आहेच. पाट्या, भावफलक, पावत्या, हमाल-तोलणारांची बोली, सगळं मराठीत. रोज पाच पाट्या वाचून वहीत उतरवल्या तरी महिन्यात हात बसतो.

घरची भाषा मात्र सोडू नका. आई कन्नड बोलत असेल तर तिने कन्नडच बोलावं. एक भाषा पक्की असलेलं मूल दुसरी लवकर शिकतं. दहावीची परीक्षा राज्य मंडळ मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी या आठ माध्यमांतून घेतं. घराजवळ आपल्या माध्यमाची शाळा असेल तर तिचाही विचार करा.

इतकं करूनही भाषेपायी शाळा सुटलीच, तर तिथे सगळं संपत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात किमान एका भाषेसह पाच विषय घेऊन दहावी होता येतं. पण हे शेवटचे मार्ग आहेत. वर्गात बसून शिकण्यासारखं दुसरं काही नाही.

दोन शब्द शाळांना. नव्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी भाषेच्या पुस्तकांची यादी द्या. ते वर्गात गप्प बसलं म्हणजे मठ्ठ आहे असं समजू नका. त्याला बोलायचं असतं, शब्द सापडत नसतात. आणि आंबेडकरनगर, प्रेमनगर, गुलटेकडी, बिबवेवाडीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलामुलींना विनंती, आठवड्यातला एक तास एका मुलाला द्या. पुण्याच्या हमालांनी १९५५ पासून हमाल पंचायतीत एकत्र येऊन आपले हक्क मिळवले. त्यांच्या मुलांना आपण एक तास देऊ शकतो.

शनिवारी फळभाज्यांचा बाजार बंद असतो आणि शाळा सकाळची असते. येत्या शनिवारी आंघोळ करून, कागद पिशवीत घालून शाळेत जा. मुख्याध्यापकांना विचारा, “माझ्या लेकराला यंदा कोणत्या तीन भाषा आहेत, आणि प्रत्येकीचं पुस्तक कोणतं?” उत्तर कागदावर लिहून घ्या आणि त्याच दिवशी पुस्तकं आणा.